‘पोरगी पुण्याला’ : एका कारखानदाराचा अभिमान आणि तीस किलोमीटरवरचे विद्यापीठ

इचलकरंजीत आठ माग असलेल्या माणसालाही कारखानदार म्हणतात. शेड त्याचे, माग त्याचे. सूत मात्र व्यापाऱ्याचे आणि विणलेले कापडही व्यापाऱ्याचेच. हातात पडते ती विणण्याची मजुरी, तीही पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, आणि पैशांत मोजलेली. अशा मागधारकाला गावात ‘खर्चीवाला’ म्हणतात. बाजार पडला की सगळ्यात आधी याचे माग थांबतात. तरी बाहेरगावच्या पाहुण्यांत ओळख करून देताना शब्द एकच असतो, कारखानदार. या प्रकरणात पुढे जे जे अडले, त्यातले बरेचसे या एका शब्दापाशी अडले.

हे प्रकरण एका घराचे नाही. प्रवेशाच्या सल्ल्यासाठी आलेल्या, एकाच वळणावर अडलेल्या अनेक घरांतून ते जुळवले आहे. फी, भाडे, मेस यांचे आकडे हिशेब दाखवण्यासाठी धरलेले आहेत. नियम मात्र २०२५-२६ च्या प्रवेशाचे खरे नियम आहेत.

घरची स्थिती

वडील अठ्ठेचाळीस वर्षांचे. नव्वदच्या दशकात गावातल्याच कॉलेजातून बी.कॉम. झालेले, पदवी शिवाजी विद्यापीठाची. आई घर सांभाळते आणि दुपारी मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याकडे लक्ष देते. मुलगी मोठी, बारावी सायन्स, सीईटीला ९२ च्या आसपास पर्सेंटाइल. धाकटा मुलगा दहावीत. प्रवर्ग ओबीसी. प्राप्तिकर विवरणपत्रात दिसणारे वार्षिक उत्पन्न साडेपाच लाखांच्या घरात. हा आकडा मुलीला माहीत नव्हता, आईला अंदाजाने माहीत होता.

मे महिन्यात, सीईटीचा निकाल लागण्याआधीच, वडिलांनी पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर शाखेसाठी पन्नास हजार भरून जागा धरून ठेवली. तिथल्या काउंटरवर मूळ कागदपत्रेही ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतली. त्याच आठवड्यात नात्यातल्या एका साखरपुड्यात त्यांनी चारचौघांत सांगून टाकले, “पोरगी पुण्याला इंजिनिअरिंगला चालली.”

जूनमध्ये निकाल लागला. कॉलेजातल्या सरांनी मुलीला सांगितले की या गुणांवर शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापुरातल्या तंत्रज्ञान अधिविभागात जागा मिळू शकते. तिने घरी विषय काढला. उत्तर आले, “मी तिथंच शिकलो, आणि माझी पोरगीपण तिथंच? मग एवढं राबलो कशाला?”

सल्ला देणाऱ्याने पुन्हा पुन्हा वाचावे असे हे वाक्य आहे. वरवर ते विद्यापीठाबद्दल वाटते. खरे तर ते बापाच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल आहे. मुलीने आपल्या पुढे जावे एवढीच त्याची मागणी आहे आणि ती रास्त आहे. पुढे जाणे म्हणजे लांब जाणे, हे गणित तेवढे चुकले आहे.

वडील कोणत्या विद्यापीठात शिकले?

पहिल्या बैठकीत फीचा विषय काढायचा नाही, असे ठरवले. आधी ‘तिथंच’ या शब्दाची फोड करायला हवी होती.

वडील शिकले ते विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजे या विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. परीक्षा विद्यापीठ घेते, शिकवते कॉलेज. सागरमाळावरच्या ८५३ एकरांच्या परिसरात विद्यापीठ स्वतः जिथे शिकवते त्या विभागांना तिथे ‘अधिविभाग’ म्हणतात. वडील त्या परिसरात आयुष्यात दोनदा गेले होते, एकदा मार्कशीटच्या दुरुस्तीसाठी आणि एकदा पदवी प्रमाणपत्राच्या रांगेत. त्यांच्या डोळ्यांपुढचे विद्यापीठ म्हणजे खिडकी आणि रांग. या दोन भेटींवर त्यांनी मुलीच्या चार वर्षांचा निकाल लावला होता.

म्हणून बाप-लेकीला एक दिवस परिसर बघायला पाठवले, कामाच्या दिवशी, सकाळी दहा ते चार. सोबत पाहण्याची यादी दिली: प्रयोगशाळेत यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवली आहेत, बॅरिस्टर खर्डेकर ग्रंथालयात दुपारी किती मुले बसलेली आहेत, मुलींच्या वसतिगृहात पाणी आणि मेस कशी आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचे, तिसऱ्या वर्षाच्या किमान तीन मुलींशी वडिलांना बाजूला ठेवून बोलणे.

विद्यापीठाची स्थापना १९६२ ची. २०२१ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅककडून त्याला ‘ए++’ श्रेणी मिळाली. वडिलांना हे दोन्ही सांगितले, पण त्यावर भर दिला नाही. नॅकची श्रेणी अख्ख्या विद्यापीठाची असते. एखाद्या बी.टेक. शाखेत पूर्णवेळ शिक्षक किती आहेत हे त्यातून कळत नाही. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांची दुखरी नस नेमकी तीच आहे: मंजूर पदे रिकामी राहतात, कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर वर्ग चालतात, निकाल लांबतात. हे लपवून सरकारी विद्यापीठाची शिफारस करणारा सल्लागार पालकाचा विश्वास पहिल्याच सत्रात गमावतो. शाखेत कायम शिक्षक किती, शेवटच्या सत्राचा निकाल किती दिवसांनी लागला, गेल्या वर्षी नोकरीसाठी पात्र किती होते आणि त्यातल्या किती जणांना प्रत्यक्ष पत्र मिळाले, हे चार प्रश्न दोन्ही संस्थांना सारख्याच शब्दांत विचारायला सांगितले. ‘सर्वाधिक पॅकेज’ विचारू नका, मधल्या विद्यार्थ्याचे पॅकेज विचारा, असेही सांगितले. सर्वाधिक पॅकेज एका मुलाचे असते.

सरकारी विद्यापीठाने चारपैकी दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक दिली. कायम शिक्षकांचा आकडा कमी निघाला. खासगी विद्यापीठाने शिक्षकांचा आकडा चांगला दिला आणि पात्र विरुद्ध प्रत्यक्ष नोकऱ्यांच्या प्रश्नावर माहितीपत्रक पुढे केले. दोन्ही उत्तरे वहीत जशीच्या तशी लिहून ठेवली.

दोन पर्याय मांडले होते, खरे पर्याय तीन होते

इथे बहुतेक घरांत एकच गफलत होते. ‘पुणे’ आणि ‘खासगी विद्यापीठ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न अशी खासगी विनाअनुदानित कॉलेजे आहेत. त्यांच्या बहुतेक जागा राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, भरतात. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठ ही निराळी संस्था आहे. ते आपले प्रवेश स्वतः करते.

फरक कुठे पडतो? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. शासकीय, अनुदानित, विनाअनुदानित कॉलेजे आणि सार्वजनिक विद्यापीठे यात येतात. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे येत नाहीत. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागाही येत नाहीत.

म्हणजे या मुलीपुढे हिशेब असा होता.

खासगी विद्यापीठ: फी वर्षाला ३,९०,०००, वसतिगृह आणि मेस १,४५,०००, बाकी खर्च २५,०००. वर्षाचे ५,६०,०००. चार वर्षांचे २२,४०,००० आणि लॅपटॉपचे ५५,००० मिळून जवळपास २३ लाख. फी दरवर्षी वाढते, ती यात धरलेली नाही.

पुण्यातले कॅपमधले कॉलेज: शिक्षण शुल्क माफ, विकास आणि इतर शुल्क २५,०००, राहणे-जेवण १,२०,०००. चार वर्षांचे लॅपटॉपसह ६,३५,०००.

कोल्हापूरचा अधिविभाग: शिक्षण शुल्क माफ, इतर शुल्क १५,०००, वसतिगृह १५,०००, मेस दहा महिन्यांची ३२,०००, पुस्तके आणि येणे-जाणे १३,०००. चार वर्षांचे लॅपटॉपसह ३,५५,०००.

शुल्क माफ म्हणजे सगळे फुकट, असा समज करून घेऊ नये. सवलत शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस खिशातूनच जातात. प्रवेशाच्या दिवशी ही रक्कम हातात नसली तर धावपळ होते.

मधला पर्याय कागदावर उत्तम होता. अडचण गुणांची होती. ज्या संस्थांना होम युनिव्हर्सिटीचा नियम लागू आहे तिथे ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या उमेदवारांना आणि ३० टक्के क्षेत्राबाहेरच्यांना असतात. क्षेत्र ठरते बारावी जिथून झाली त्यावरून. इचलकरंजीत बारावी केलेली मुलगी पुण्याच्या कॉलेजासाठी बाहेरची, ३० टक्क्यांतली. कोल्हापूरसाठी ती घरची, ७० टक्क्यांतली, शिवाय ओबीसी प्रवर्गातली आणि त्यातही मुलींसाठीच्या ३० टक्के समांतर आरक्षणातली. तेच गुण, पण वजन वेगळे. पुण्यातल्या ज्या कॉलेजांत तिला कॉम्प्युटर हवे होते तिथले आदल्या वर्षीचे कटऑफ तिच्या वर होते. मिळाली असती ती सिव्हिल, जी तिला नको होती.

(बारावीसाठी मुलाला लांबच्या गावी पाठवणाऱ्या पालकांनी हा नियम अकरावीच्या प्रवेशाआधी वाचावा. बारावी लातूरला झाली की होम युनिव्हर्सिटी नांदेडची होते, घर इचलकरंजीत असले तरी.)

कर्जाचा आकडा आणि बोलायला लागलेली आई

दुसऱ्या बैठकीत वडिलांना एकट्याला बसवले. लेकीसमोर कोणताही बाप ‘परवडत नाही’ म्हणत नाही. हा प्रश्न तिच्यासमोर विचारणे म्हणजे त्याला खोटे बोलायला लावणे.

त्यांच्या मनातली योजना अशी होती: पंधरा लाख कर्ज, आठ लाख घरातून. हप्ता किती येईल ते त्यांनी काढलेले नव्हते. कर्ज चार समान हप्त्यांत उचलले, व्याज १० टक्के धरले आणि शिक्षणाची चार वर्षे अधिक एक वर्ष परतफेड थांबवली, तर त्या काळातले साधे व्याज ५,२५,००० होते. परतफेड सुरू होताना डोक्यावर २०,२५,०००. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता २६,७५० च्या आसपास.

साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज हमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते. पंधरा लाखांना बँक तारण मागते. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण लागत नाही, पण ती निवडक संस्थांनाच लागू आहे, आणि धरून ठेवलेली जागा त्या यादीत आहे का हे कुणी पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा नाव नव्हते. माग आधीच यंत्रसामग्रीच्या कर्जात अडकलेले. तारणाला उरले राहते घर. वडिलांनी ते मनात ठरवून टाकले होते आणि घरात कुणालाच सांगितले नव्हते.

“ती कमावायला लागली की फेडू,” ते म्हणाले. म्हणजे फेडणारी ती. मग ज्याला फेडायचे त्याला आकडा सांगायला नको का, एवढाच प्रश्न त्यांना विचारला आणि बैठक तिथेच थांबवली. अशा जागी सल्लागार बोलत राहिला की माणूस बचावाला लागतो.

आकडा त्यांनी त्या रात्री घरी सांगितला. घराच्या तारणाची गोष्ट आईला तेव्हा पहिल्यांदा कळली. तोवर प्रत्येक बैठकीत गप्प बसलेली आई तिसऱ्या बैठकीत एवढेच म्हणाली, “शेड गेलं तर भाड्यानं माग चालवू. घर गेल्यावर कुठं?”

दाखला घ्यायला लाज वाटते तेव्हा

आता मुख्य गाठ. शुल्क सवलत घ्यायची तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि ओबीसीसाठी नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र, ज्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडावे लागतात. वडिलांचे म्हणणे, “सेतूत मला सगळे ओळखतात. कारखानदार म्हणवतो आणि आठ लाखांच्या आतला दाखला मागायला जाऊ?”

या क्षणी ‘लाज कसली त्यात’ म्हणणे निरुपयोगी आहे. लाज खरी असते. तीन गोष्टी कामी आल्या. पहिली, उलाढाल आणि उत्पन्न यांतला फरक कागदावर मांडला: वीजबिल, कामगारांची मजुरी, सुटे भाग, कर्जाचे व्याज वजा जाता हातात राहते ते उत्पन्न, आणि ते विवरणपत्रात त्यांनी स्वतःच लिहिलेले आहे. दाखला त्याहून वेगळे काही सांगत नाही. दुसरी, अर्ज ऑनलाइन ‘आपले सरकार’वरून मुलीच्या नावाने भरला, रांगेत उभे राहण्याचा प्रश्न उरला नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची ठरली. ही सवलत मदत म्हणून मागायची नसते, ती गुणवत्ता यादीतून जागा मिळवलेल्या मुलीच्या मागोमाग येते. पैसे भरून मिळणाऱ्या जागेला ती नाही. हे ऐकल्यावर वडिलांनी पहिल्यांदा उलटा प्रश्न केला, “म्हणजे ज्यांना पैसे टाकून घ्यावं लागतं त्यांना मिळत नाही?” तिथून बोलण्याचा सूर बदलला.

बापाचा अभिमान मोडण्याचा प्रयत्न केला की तो जास्त घट्ट होतो. त्याला दुसरी, खरी गोष्ट धरायला द्यावी लागते. साखरपुड्यात वडिलांनी जाहीर केलेले वाक्य मागे घेणे त्यांना शक्य नव्हते, पण त्याच्या जागी अधिक वजनाचे वाक्य मिळाले तर ते बदलायला तयार होते. ते त्यांनी स्वतःच तयार केले: “स्टेट मेरिटला लागली, एक रुपया डोनेशन नाही, विद्यापीठाच्या कॅम्पसवर कॉम्प्युटर.” यात खोटे काही नाही, आणि सूतबाजारात चहा पिताना ते सांगता येते. सल्लागाराने असे वाक्य पालकाच्या तोंडी घालू नये. आकडे आणि तथ्ये पुढे ठेवावीत. वाक्य त्यांचे त्यांना सापडते.

जात पडताळणीचे काम सुदैवाने अकरावीतच झाले होते. नसते तर हा सगळा हिशेब खुल्या प्रवर्गातून करावा लागण्याची भीती होती. पडताळणीचा अर्ज अकरावीत, नॉन-क्रीमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला बारावीच्या परीक्षेनंतर लगेच, हा क्रम ज्यांनी चुकवला त्यांना जुलैमध्ये वाट सापडत नाही. आणि नॉन-क्रीमिलेअरची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंतची आहे का, हे बघायचे राहून गेले की सगळे बरोबर असूनही अर्ज अडतो.

पर्याय अर्जातला सापळा

२०२५ मध्ये अभियांत्रिकीच्या कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाले. उमेदवाराने पसंतीक्रमाने भरलेल्या पर्यायांपैकी (पर्याय म्हणजे कॉलेज आणि शाखा) पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा मिळाला तर जागा आपोआप पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला तरी तेच. पक्की झाली की पुढच्या फेऱ्या बंद. घेतली नाही तर कॅपमधून बाहेर.

घरात सगळे मिटले असे वाटत असताना वडिलांनी नेट कॅफेवाल्याला फोन करून पुण्यातल्या एका कॉलेजची सिव्हिल पहिल्या क्रमांकावर टाकायला सांगितले. कारण दिले ते असे: “मिळतंय का बघू. नाव तरी लागेल.”  तो पर्याय मिळाला असता तर नको असलेली शाखा पक्की झाली असती आणि कॉम्प्युटरचा रस्ता बंद. वाचले ते एवढ्यावर की ओटीपी मुलीच्या मोबाइलवर आला आणि तिने तो दिला नाही. लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल उमेदवाराच्याच ताब्यात ठेवावा, हा सल्ला त्यामुळेच सर्वांत आधी देतो.

मग यादी पुन्हा बसून लावली. वरच्या सहांत फक्त असे पर्याय की मिळाले तर त्याच दिवशी आनंदाने जाईन. सातव्यापासून पुढे ‘चालेल’ असे. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तिने अठ्ठावीस भरले. क्रम लावताना आदल्या वर्षीचे कटऑफ बघायचे नाहीत, आवड बघायची. कटऑफ बघायचे ते यादी पुरेशी खालपर्यंत गेली आहे का, हे तपासण्यासाठी. वर अवघड पर्याय ठेवल्याने खालची संधी कमी होत नाही.

पहिल्या फेरीत चौथा पर्याय मिळाला, अधिविभागातली इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क भरून तिने बेटरमेंट घेतले, म्हणजे ही जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट पाहिली. दुसऱ्या फेरीत दुसरा पर्याय आला, अधिविभागातली कॉम्प्युटर. जागा आपोआप पक्की.

इथून प्रत्यक्ष संस्थेत हजर राहण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते, आणि मूळ कागदपत्रे अजून खासगी विद्यापीठाच्या कपाटात होती. फोनवर ‘प्रवेश रद्द केला तर फी परत नाही, कागद पुढच्या आठवड्यात’ असे उत्तर आले. दोन पानांचा लेखी अर्ज दिला. त्यात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) ऑक्टोबर २०१८ च्या सूचनांचा उल्लेख होता. मूळ प्रमाणपत्रे फक्त पडताळून लगेच परत करायची, ठेवून घ्यायची नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण रक्कम परत, त्यातून प्रक्रिया खर्च फार तर ५ टक्के आणि तोही ५,००० च्या आत. अर्जावर पोच घेतली, प्रत ईमेलने पाठवली. कागद तिसऱ्या दिवशी मिळाले. पन्नास हजारांपैकी ४७,५०० परत यायला दोन महिने लागले. तोंडी भांडण करून यातले काहीच झाले नसते. शाळा सोडल्याचा दाखला जिथे द्यायचा तिथे शेवटच्या क्षणापर्यंत देऊ नये, आधी प्रती द्याव्यात, हे मे महिन्यातच कळायला हवे होते.

जवळ म्हणजे घरी नव्हे

प्रवेश झाल्यावर नवा प्रश्न आला. आईला वाटत होते, तीसच किलोमीटर आहे, रोज जाऊन-येऊन करेल. विद्यार्थी पासवर तर एसटीला एक तृतीयांशच भाडे पडते. इथे सल्ला स्पष्ट होता, पहिले वर्ष वसतिगृह. दारापासून वर्गापर्यंत जाऊन-येऊन अडीच तास धरले तर वर्षाच्या दोनशे दिवसांत पाचशे तास रस्त्यावर जातात. प्रात्यक्षिक संपून बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ होते. गटाने करायचे काम वसतिगृहात रात्री होते, रोज घरी जाणारी मुलगी त्यातून बाहेर पडते.

दुसरे कारण घराला कटू वाटले तरी सांगितले. मागाच्या घरात कामगार आला नाही की घरातला माणूस उभा राहतो. घरी असलेली मुलगी दिसली की हाक तिलाच जाते. घराजवळच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींचे सगळ्यात मोठे नुकसान याने होते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तीन गोष्टी लिहून ठेवल्या: पंधरा दिवसांतून एकदा घरी, परीक्षेआधीचे तीन आठवडे अजिबात नाही, आणि हिशेबाच्या वहीचे काम, जे ती दहावीपासून करत होती, ते आता धाकट्याकडे.

पहिली आणि तिसरी गोष्ट पाळली गेली नाही. पहिल्या सत्रात ती दर आठवड्याला घरी गेली, दिवाळीआधीच्या गडबडीत चार दिवस तिथेच राहिली, आणि गणिताच्या पेपरात जेमतेम निभावली. दुसऱ्या सत्रापासून वही खरोखर धाकट्याकडे गेली.

घरातून जाणार होते त्या आठ लाखांतले दोन लाख वेगळ्या ठेवीत ठेवायला लावले, तिसऱ्या वर्षानंतरच्या इंटर्नशिपसाठी. पुणे किंवा बेंगळुरूला दोन-तीन महिने राहायचे तर खोली आणि जेवण स्वतः भरावे लागते. घराजवळ शिकणाऱ्या मुलांची खरी उणीव तिथे भरून काढता येते. हे पैसे बाजूला न काढता ‘वाचले’ म्हणून मागाच्या सुट्या भागांत गेले, तर जवळ शिकण्याचा फायदा निम्मा उरतो.

शुल्क सवलतीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने करायचा आहे. आधार जोडलेले बँक खाते मुलीच्याच नावाचे हवे. पहिल्या वर्षी अर्ज एकदा परत आला, कारण दाखल्यावर वडिलांचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक होता. प्रतिज्ञापत्र जोडल्यावर मंजूर झाला.

आता धाकट्याची दहावी संपते आहे. वडिलांनी त्याच्यासाठी लातूरची चौकशी सुरू केली आहे आणि ‘पुढं पुणे’ हा शब्द पुन्हा घरात आला आहे. त्याच्या बाबतीत हिशेब वेगळा निघेल. मुलींची १०० टक्के सवलत त्याला नाही, ओबीसी मुलगा म्हणून शिक्षण शुल्काची निम्मीच सवलत मिळेल. अधिविभागाचे शुल्क ८०,००० धरले तर वर्षाला ४०,००० खिशातून. आणि बारावी लातूरला केली तर कोल्हापूरच्या ७० टक्क्यांतली जागाही हातची जाईल. बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे, अकरावीचा अर्ज भरण्याआधी, आणि या वेळी आईने स्वतः वेळ मागून घेतली आहे.